विनिपेग ते कॅल्गरी, दोघं सायकलवर: १४ दिवस पुरतील का?

सातारची_ज्योती:
नमस्कार मंडळी. मी ५६, हे ६०. यवतेश्वरचा घाट चढून कासला आम्ही महिन्यातून दोनदा तरी जातो, सातारा-गोवाही दोनदा केलंय. लेक कॅनडात, कॅल्गरीत असते. जूनअखेर विमानाने विनिपेगला उतरायचं, तिथून हायवे १ धरून सुमारे १,३३० किलोमीटर पश्चिमेला जायचं आणि थेट लेकीच्या दारात सायकली टेकवायच्या, असा बेत आहे. ह्यांचं म्हणणं, "सगळं सपाट आहे, दिवसाला शंभर म्हणजे चहा पिता पिता." कॅल्गरी विनिपेगपेक्षा ८०० मीटर उंच आहे, तेवढीच मला धास्ती. १४ दिवस पुरतील ना? आम्ही शाकाहारी आहोत.

रिजायनाचा_बंड्या:
ताई, चढाचं सोडा, वाऱ्याचं बघा. इथे जास्त करून वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे तुमच्या थेट तोंडावर. मी सायकलवाला नाही, पण गाडीचं दार उघडताना ते हातातून सुटतं हा रोजचा अनुभव आहे.

माणिक_एडमंटन:
ज्योतीताई, आम्ही नवरा-बायको तीन वर्षांपूर्वी हाच रस्ता कॅल्गरीहून विनिपेगला केला. १९ दिवस लागले, त्यातले दोन नुसते पडून काढले. तेव्हा १४ विसरा, आणि दिशाही बदला. लेकीकडे आधी जा, झोपेचं गणित तिथेच बसवा आणि मग पूर्वेला निघा. शेवट लेकीच्या दारात व्हावा हे मलाही पटतं हो, पण तुम्ही ताशी २० ने चाललात आणि समोरून ३० चा वारा आला तर अंगावर ५० चा येतो. खंबाटकीचा माथा गाठला की पुढे उतार तरी मिळतो. वाऱ्याला माथा नसतो.

पूर्वेला जाऊनही आम्हाला तीन दिवस उलटा वारा लागला. मेपल क्रीकचा फाटा ते गल लेक हे अंतर सत्तरएक किलोमीटरचं, त्याला सकाळपासून संध्याकाळ झाली. आमचं खरं भांडण तिथेच झालं. नवरा माझ्यापेक्षा दमदार, तो पुढे निघून जायचा आणि दर पाच किलोमीटरवर थांबून पाणी पीत माझी वाट बघायचा. मी पोहोचले की ताजातवाना होऊन पुन्हा निघायचा! म्हणजे विसावा त्याला आणि वारा मला. त्या रात्री तंबूत ठरलं: वारा समोरून असला की तो पुढे, मी त्याच्या चाकामागे, आणि वेग मी ठरवणार. त्या वाऱ्यात हाक ऐकू जात नाही, म्हणून घंटी. एकदा वाजली की हळू, दोनदा वाजली की थांब. ह्यांना हे आधीच कबूल करायला लावा.

निघायचं पहाटे पाचला, तेव्हा उजाडलेलं असतं आणि वारा झोपलेला असतो. दुपारी एकपर्यंत गाव गाठायचं. लांबून धान्याचं एलेव्हेटर (धान्य साठवायचा उंच मनोरा) दिसलं म्हणजे गाव आलं असं मात्र समजू नका, ते दिसल्यावरही कधीकधी तासभर पायडल मारावं लागतं. नकाशावर नाव असलेल्या प्रत्येक गावात दुकान असेलच असंही नाही. आम्ही माणशी चार लिटर पाणी धरून चाललो आणि एकदा तेही कमी पडलं.

पंक्चर काट्यांनी होत नाही, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक पोलादी तारांनी होतं. त्या कडेच्या डांबरी पट्टीवर पडलेल्या असतात. केसाएवढी तार टायरमध्ये तशीच राहते आणि नवी ट्यूबही फोडते. भुवयांचा चिमटा न्या. थट्टा नाही, आमच्या सगळ्या हत्यारांत तोच सर्वात कामाला आला.

बघायला काही नाही असं लोक सांगतील. चॅपलिनजवळ खाऱ्या पाण्याचा तलाव आहे, काठ बर्फासारखा पांढरा. तिथे सोडियम सल्फेट काढतात, ते कपड्यांच्या पावडरीत जातं. पाणपक्षी तर विचारू नका. जुलैत कनोला (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) पिवळाधमक असतो. जवसाचं शेत लागलं तर सकाळीच थांबा, निळ्या पाकळ्या दुपारपर्यंत गळून जातात. (चटणीच्या जवसाला इतकं देखणं फूल येतं हे मला पन्नाशीत कळलं.) आणि कॅनडाहून आपल्याकडे येणारी मसूर मुख्यतः वाटेतल्या याच सस्कॅचवान प्रांतातली. एक शेतकरी आजोबा मला त्यांची मसूर दाखवत होते आणि माझ्या पिशवीत एडमंटनहून आणलेली तीच डाळ होती. रात्री त्यांच्याच अंगणात खिचडी टाकली.

खाण्याचं म्हणाल तर छोट्या गावात शाकाहारी म्हणजे चीज सँडविच आणि बटाट्याचे काप. मेतकूट, गुळपापडी आणि लहानसा स्टोव्ह घ्या. गॅसचा डबा मात्र विमानात चालत नाही, तो इथे विकत घ्यायचा.

बाळ्या_ब्रँडन:
एक भर. उन्हाळ्यात अल्बर्टा आणि सस्कॅचवानात घड्याळ एकच, मॅनिटोबात शिरलात की एक तास पुढे. मूसमिनहून व्हर्डनला येताना हा तास जातो. दुकान बंद व्हायच्या वेळेचा हिशोब त्याप्रमाणे करा. आणि वारा पडला की डास येतात. तंबू वारा असतानाच लावून घ्या.

माणिक_एडमंटन:
बाळ्या, अगदी! व्हर्डनला आम्ही कुलूप बघत उभे होतो. आणि ज्योतीताई, पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं तर पुढचं गाव गाठायच्या नादी लागू नका. आडोसा म्हणून झाडही नसतं, आणि असलं तरी विजेत त्याखाली थांबायचं नसतं. ग्रेनफेलच्या अलीकडे गारा सुरू झाल्या तेव्हा आम्ही सरळ एका शेतघराचं दार वाजवलं. त्या बाईंनी आधी सायकली यंत्रांच्या शेडमध्ये घ्यायला लावल्या, मग नाव विचारलं.

सातारची_ज्योती:
सगळ्यांचे आभार. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. घंटीच्या भागाला "बघू" म्हणाले, म्हणजे मान्य नाही. लेकीला दिशेचं कळवलं, तर ती म्हणाली विनिपेगला ती स्वतः गाडी घेऊन न्यायला येईल. आता १९ दिवस धरतोय, कॅल्गरीहून. चिमटा माझ्या पर्समध्ये आहेच. माणिकताई, गुळपापडी १९ दिवस टिकते का?

माणिक_एडमंटन:
टिकते. उरत नाही.