मदत हवी आहे: भाच्याच्या कॉलेज टीमची टेनिस मॅच बघायला जायचंय, काय काय माहीत असायला हवं?

निंबोणी:

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा इथे अमेरिकेत एका डिव्हिजन १ (म्हणजे कॉलेज-खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या) कॉलेजच्या टेनिस टीममध्ये आहे. दुसरं वर्ष. येत्या शनिवारी त्यांची टीम आमच्या घरापासून तासाभरावरच्या युनिव्हर्सिटीत पाहुणी म्हणून खेळायला येतेय. बहीण भारतात. तिने फोनवर फर्मान काढलंय, "तू जा आणि मला इत्थंभूत सांग." भाच्याला विचारलं तर म्हणे, "ये ना मावशी, फक्त माझं नाव घेऊन ओरडू नकोस." संपलं संभाषण.

टेनिस मला अगदीच परकं नाही. विम्बल्डन टीव्हीवर वर्षानुवर्षं बघतेय, ड्यूस-ॲडव्हांटेज कळतं. पण वेळापत्रकात नुसतं 'शनिवार, दुपारी १' आणि दोन कॉलेजांची नावं. भाचा किती वाजता, कुठल्या कोर्टवर, कुणाविरुद्ध, काही पत्ता नाही. तिकिटाचंही कुठे काही दिसेना. त्यांच्या मागच्या सामन्याचा निकाल बघितला तर '४-३'. अहो, टेनिसमध्ये ४-३ ला सामना संपतो कसा? आणि तो म्हणतो की तो 'पाच नंबरला' खेळतो. म्हणजे राखीव खेळाडू का? त्यालाच विचारायचं होतं, पण वाईट वाटलं तर, म्हणून गप्प बसले.

सोबत नवरा येतोय. त्याला क्रिकेटच्या मैदानावर बसायची सवय आहे आणि आवाज उपजत मोठा आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

---

बेसलाइनवाले बाबा:

राखीव नाही हो! टीममध्ये आठ-दहा मुलं असतात आणि एकेरीत त्यातली सहाच खेळतात. एक ते सहा हा क्रम प्रशिक्षक ताकदीनुसार लावतात. एक नंबरवाला समोरच्यांच्या एक नंबरशी, पाचवाला पाचशी. दुसऱ्याच वर्षी सहात असणं म्हणजे पोरगा चांगला खेळतोय. आणि त्याचा गुण एक नंबरच्या गुणाइतकाच मोलाचा असतो, ही या प्रकारातली गंमत.

आता ते ४-३. टीव्हीवरचं टेनिस थोडा वेळ विसरा. इथे दोन टीममध्ये एकूण ७ गुणांसाठी झुंज असते. आधी दुहेरीचे तीन सामने एकाच वेळी सुरू होतात, प्रत्येक फक्त एका सेटचा, ६ गेमपर्यंत. तीनपैकी दोन जिंकेल त्या टीमला मिळून एकच गुण. मग सहा एकेरीचे सामने, तीन सेटचे, प्रत्येकी एक गुण. ज्याचे आधी चार झाले तो जिंकला. म्हणून ४-०, ४-१, ४-२ किंवा ४-३.

म्हणजे भाच्याची 'वेळ' वेगळी नसतेच. जागा पुरेशी असेल तर सहाही कोर्टवर एकेरी एकदमच चालू होते. काही बंदिस्त सभागृहांत कोर्ट कमी असतात, तिथे पाच आणि सहा नंबरवाल्यांना कोर्ट रिकामं व्हायची वाट बघावी लागते. पावसाची चिन्हं असतील तर निघण्यापूर्वी टीमचं पान बघा, ऐन वेळी सामना आत हलवतात. बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट असतो, म्हणून तुम्हाला तिकीट सापडलं नाही.

तो दुहेरीत असेल तर १ म्हणजे १ ला पोचा. एकच सेट असतो, पार्किंग शोधेपर्यंत आटोपतो. माझ्या मुलीच्या पहिल्या सामन्याला मी असाच पोचलो होतो. ती कोर्टबाहेर पाणी पीत होती आणि मी विचारतोय, "कधी सुरू होणार?"

---

खडूस:

वरचं सगळं बरोबर. भर एवढीच की ४०-४० झालं की ॲडव्हांटेज, म्हणजे लागोपाठ दोन गुण घ्यायची अट, नाही. एकच गुण, जो घेईल त्याचा गेम. सर्व्हिस कुठल्या बाजूला घ्यायची हे घेणारा ठरवतो. गेम झरझर संपतात, पापणी लवली की स्कोअर पुढे गेलेला. पुरुषांच्या डिव्हिजन १ मध्ये आणखी एक: सर्व्हिस नेटला लागून बरोबर चौकटीत पडली तर 'लेट' (म्हणजे पुन्हा सर्व्हिस) नाही, खेळ चालू. पहिल्यांदा बघताना आपण म्हणतो, अरे थांबा की!

आणि मुख्य म्हणजे चेंडू आत की बाहेर हे खेळाडू स्वतः सांगतात. आपल्या बाजूचा निर्णय आपण द्यायचा. समोरच्याला पटलं नाही तर तो पंचाकडे दाद मागतो. तुमच्या मिस्टरांना आत्ताच सांगून ठेवा, 'आउट', 'इन' हे दोन शब्द प्रेक्षकांनी उच्चारायचे नाहीत. आपल्या मुलाच्या बाजूनेसुद्धा नाही. जाळीपलीकडून "बॅकहँडवर मार" असले सल्लेही नाहीत, ते काम प्रशिक्षकाचं. ते गेमच्या मधे कोर्टवर जाऊन बोलतात, आपण मुकाट्याने बघायचं.

---

सदाफुली:

पण म्हणून अगदी देवळात बसल्यासारखं बसायचं नाही हं! टीव्हीवरच्या शांततेची सवय असेल तर दचकाल. शेजारच्या कोर्टवरून त्याची टीममधली मुलं बोंबलत असतात, खेळणारा स्वतः गुण जिंकून आरोळी ठोकतो, लगेच तिसऱ्या कोर्टवरून त्याला प्रतिसाद येतो. चेंडू खेळात असताना शांत राहायचं, गुण संपला की हवं तेवढं ओरडायचं. समोरच्याची दुहेरी चूक झाली (दोन्ही सर्व्हिस चुकल्या) तर टाळ्या वाजवू नयेत, हा माझा स्वतःचा नियम. तिथे बरेच जण वाजवतात.

भाच्याचं 'नाव घेऊ नकोस' मात्र पाळाच. घरातलं लाडाचं नाव असेल तर नक्कीच.

बाकी टोपी, पाणी आणि बसायला काहीतरी मऊ. त्या ॲल्युमिनियमच्या बाकांवर तीन तास काढायचे आहेत. खाण्याचा डबा आणि मोठी बॅग चालते का ते त्या युनिव्हर्सिटीच्या पानावर बघून घ्या, प्रत्येकाचे नियम वेगळे.

---

चक्रधर:

थोडं अवांतर. आपल्या सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेची) एकेरी स्पर्धा जिंकली होती. २००७ च्या अंतिम सामन्यात समोर होता जॉर्जिया युनिव्हर्सिटीचा जॉन इस्नर, तोही तिच्याच अथेन्स गावातल्या कोर्टवर, घरच्या प्रेक्षकांसमोर. महेश भूपतीही १९९५ मध्ये मिसिसिपी युनिव्हर्सिटीकडून दुहेरी जिंकला होता. तेव्हा 'कॉलेज टीम' म्हणजे हौशी पोरं असं समजून जाऊ नका. अगदी जवळून सर्व्हिस बघाल तेव्हा कळेल.

---

निंबोणी:

सर्वांचे मनापासून आभार! जाऊन आलो. वृत्तांत द्यायलाच हवा, आणि एक प्रश्नही उरलाय.

पावणेएकला पोचलो. खेळाडूंची नावं पुकारली, राष्ट्रगीत झालं आणि तीन कोर्टवर एकदम धडाधड सुरू. भाचा दुहेरीत तीन नंबरला होता. आमच्या बाजूला पाहुण्यांचे पाठीराखे मोजून सात, त्यातले दोन आम्ही. ५-४ अशी आघाडी घेतली, पुढचा गेम जिंकला की सेट, आणि तेवढ्यात सगळे थांबले! बाकी दोन्ही कोर्टवर यजमान जिंकले होते, त्यामुळे तो गुण गेला आणि याच्या सामन्याला काही अर्थच उरला नाही. बाबा, हे तुम्ही सांगितलं नव्हतं!

एकेरीत मग मान दुखेपर्यंत सहा कोर्ट बघितली. नवऱ्याने चक्क शिस्त पाळली. तो स्कोअर दाखवणाऱ्या पाट्यांवर नजर ठेवून मला धावतं समालोचन देत होता, "चार नंबरला आपला पुढे, एकवाला गेला." खडूस म्हणाले तसा तो नेटला लागलेला सर्व्हिसचा चेंडू बघून एकदा तोंडातून "अरे!" निघालं, तेवढंच. सहा, तीन, चार असे तिन्ही सामने आपल्या मुलांनी घेतले. एक नंबर गेला. म्हणजे दुहेरीचा गेलेला गुण धरून ३-२.

उरले दोन आणि पाच. भाच्याने पहिला सेट घालवला, दुसरा टायब्रेकवर घेतला आणि तिसऱ्यात ४-३ ने पुढे होता. माझ्या हातापायांना मुंग्या. आणि पलीकडे दोन नंबरच्या कोर्टवर जोरात आरडाओरडा झाला. आपल्या टीममधला मुलगा जिंकला. ४-२. संपलं. भाच्याने हातातला चेंडू खिशात घातला, समोरच्याशी हात मिळवला आणि तिकडे धावत सुटला, सगळ्यांच्या अंगावर उडी मारायला. हसत होता.

म्हणजे दिवसभरात तो दोन सामने खेळला, दोन्हीत पुढे होता आणि दोन्ही अर्धवट. निकालाच्या पानावर त्याच्या नावापुढे 'अपूर्ण' लिहिलंय. बहिणीचा फोन आला, "जिंकला की हरला?" मी काय सांगू? आणि त्याला वाईट वाटलं असेल का?

---

बेसलाइनवाले बाबा:

दुहेरीचं सांगायचं राहिलं खरं, माफी असावी.

अपूर्ण म्हणजे जिंकलाही नाही, हरलाही नाही. वैयक्तिक नोंदीत तो धरत नाहीत. एखादा कमी नंबरचा मुलगा अख्ख्या हंगामात पाच-सहा वेळा असा लटकतो. माझी मुलगी पहिल्या वर्षी चिडायची, मग एकदा तिसऱ्या सेटमध्ये ५-१ ने मागे असताना मैत्रिणीने चौथा गुण घेतला, तेव्हापासून चिडणं बंद झालं.

बहिणीला सांगा, टीम जिंकली आणि तो पाचव्या कोर्टवर पुढे होता. तिसऱ्या सेटपर्यंत समोरच्याला अडवून धरलं, म्हणून यजमानांना तो गुण मिळाला नाही, हेही सांगा.

---

निंबोणी:

सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे जिंकला."

भाच्याचा रात्री मेसेज आला: "मावशी, काकांचं समालोचन मला पाचव्या कोर्टवर ऐकू येत होतं."