बिलिरुबिन ६.२, पुढची तपासणी कोणती?

प्रश्न: वय ५५. बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) ६.२, त्यात डायरेक्ट (यकृतानं प्रक्रिया केलेलं) ४.८. एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) ७०, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम) ५४०. अंगाला खाज, शौच पांढुरकी. ही साधी कावीळ का?

उत्तर १: नाही वाटत. डायरेक्टचा वाटा मोठा आणि फॉस्फेटेज चढलेलं, म्हणजे पित्ताची वाट अडलेली असावी. विषाणूच्या काविळीत एसजीपीटी बहुधा हजाराच्या घरात जातं. आधी पोटाची सोनोग्राफी करा, ६ तास उपाशीपोटी. खाल्लं की पित्ताशय आकसतं, खडे नीट दिसत नाहीत. पित्तनलिका फुगलेली असेल तर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय).

उत्तर २: सोबत पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) हवंच. पित्त आतड्यात पोहोचलं नाही की के जीवनसत्त्व शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

उत्तर ३: काविळीच्या माळेनं अडलेली नळी मोकळी होत नाही. कृपया दिवस घालवू नका.