मदत हवी आहे: सुट्टीसाठी घरांची अदलाबदल करतोय, एक खोली बंद ठेवली तर चालेल का?

नमस्कार. येत्या सुट्टीत आम्ही चौघं एका कुटुंबाशी तीन आठवड्यांसाठी घर बदलणार आहोत. ते आमच्याकडे, आम्ही त्यांच्याकडे, तारखा त्याच, भाडं कुणीच कुणाला द्यायचं नाही. ओळख होमएक्स्चेंज या घरबदलाच्या साइटवर झाली. तिथे आपल्या घरी कुणी राहिलं की पॉइंट्स मिळतात आणि ते वापरून दुसऱ्यांच्या घरी वेगवेगळ्या वेळीही राहता येतं, पण आम्हाला सरळ अदलाबदलच बरी वाटली. ते आमच्या घरात असताना आपणही त्यांच्या घरात आहोत, म्हणजे दोन्हीकडे जपून वागणं होईल.

तीन वेळा व्हिडिओ कॉल झाले. त्यांनी फोन हातात घेऊन सगळं घर फिरवून दाखवलं, बाथरूममधला गळका नळसुद्धा. त्या नळामुळेच माझा विश्वास बसला.

अडलंय ते बाबांच्या खोलीपाशी. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांना घड्याळं दुरुस्त करायचा नाद होता. टेबलावर एक घड्याळ अजून तसंच उघडं आहे, स्क्रू छोट्या डब्यांत मांडलेले आहेत. मी त्यातलं काहीही हलवलेलं नाही. नवऱ्याने साइटवर फोटो टाकले तेव्हा ही खोलीही त्यात गेली, आणि माझ्या ते लक्षातच आलं नाही. परवाच्या कॉलवर कळलं की त्यांच्यासोबत आजी येणार आहेत, त्यांना जिने चढवत नाहीत, आणि खालच्या मजल्यावर झोपायची खोली ही एकच आहे.

आता कुलूप लावलं तर फोटोत दाखवलेली खोली नाकारल्यासारखं होतं. उघडी ठेवायची म्हटलं की माझा हात पुढे होत नाही. काय करू?

आणखी एक. आम्ही विमा कंपनीला फोन केला होता. पैसे न देणारे पाहुणे राहिले तर हरकत नाही, असं तोंडी सांगितलं. त्या कुटुंबाने गाड्याही बदलू या का, असं विचारलंय. कुणी केलंय का असं?

प्रतिसाद १

आम्ही चार वेळा घर बदललंय, म्हणून सांगते. एखादी खोली किंवा कपाट कुलूपबंद ठेवणं यात काहीच वावगं नाही, बहुतेक सगळेच ठेवतात. पण ते तिकिटं काढण्याआधी सांगायला हवं. तेव्हा आधी त्यांना आजच कळवा, निर्णय नंतर घ्या. दार उघडल्यावर समजलं तर बिचाऱ्या आजींची पंचाईत होईल.

बाहेरच्या खोलीत पलंग टाकता येईल का, तेही बघा. न्हाणीघर जवळ असेल तर आजी तिथेही राहू शकतील. आणि खोली द्यायचं ठरलंच, तर टेबलाचे वरून आणि चारही बाजूंनी फोटो काढा, स्क्रूच्या प्रत्येक डब्यावर नंबर घाला, मग सगळं एका ट्रेमध्ये उचलून कपाटात ठेवा. परत आल्यावर जसंच्या तसं मांडता येतं. माझ्या सासूबाईंचं शिलाईचं सामान मी असंच ठेवलं होतं.

विम्याचं तोंडी बोलणं धरून चालू नका, ईमेलवर उत्तर मागवा. घरी बोलावलेल्या माणसाकडून काही चोरीला गेलं तर भरपाई मिळते का, हेही त्यातच विचारा. कुलूप फोडलेलं नसलं की बऱ्याच पॉलिसींत ते बसत नाही. गाडीचं म्हणाल, तर त्यांचं नाव चालक म्हणून पॉलिसीवर चढत नसेल तर देऊ नका.

दोघांच्या सहीचा साधा कागद करा. तारखा, तुटफूट कोण भरणार, काय बंद राहणार आणि ऐनवेळी एकाने माघार घेतली तर दुसऱ्याच्या तिकिटांचं काय, एवढं त्यात हवंच. हा शेवटचा मुद्दा आम्ही पहिल्या खेपेला लिहिला नव्हता आणि समोरच्यांनी आठ दिवस आधी रद्द केलं. पाण्याचा मुख्य कॉक आणि विजेचा मेन स्विच कुठे आहे, ते मात्र कागदावर नको, व्हिडिओ करून पाठवा. अंधारात कागद कोण शोधतंय!

प्रतिसाद २

एवढंच सांगावंसं वाटतं की फोनवर बोलू नका, पत्र लिहा. इंटरव्हॅक ही घरबदलाची संस्था १९५३ साली युरोपातल्या शिक्षकांनी सुरू केली, तेव्हा व्हिडिओ कॉल कुठले! घरांच्या छापील याद्या असायच्या, पुढचं सगळं पत्रांवर. बाबांबद्दल जे इथे लिहिलंत, तेच त्यांनाही लिहा. बोलताना तुम्ही अवघडून जाल.

धागाकर्ती

दोघांचे आभार. काल रात्री लिहून पाठवलं, बाबांचं आणि घड्याळाचंही. सकाळी उत्तर आलं. आजींनी स्वतः सांगून लिहून घेतलंय की खोली बंद राहिली तरी चालेल, त्या बाहेरच्या खोलीत झोपतील, पण टेबल हलवू नका.

ते वाचून मी खोली द्यायचं ठरवलं. पलंग आहेच. टेबल भिंतीशी सरकवून वर चादर घालेन, स्क्रूंचे डबे तेवढे नंबर घालून कपाटात. गाडी देणार नाही असं कळवलं, त्यांचीही हरकत नाही. विम्याला ईमेल गेलाय.

आता वेगळीच अडचण. त्या खोलीच्या न्हाणीघरात धरायला दांडी नाही. बाबा बेसिनचा आधार घ्यायचे, ते मला तेव्हाही आवडत नव्हतं. टाइल्सच्या भिंतीवर कुणी अशी दांडी बसवून घेतली आहे का? किती उंचीवर? आजी ठेंगण्या आहेत.