पहिली टेलिफोटो (दूरचं जवळ दाखवणारी) लेन्स: ५५-२५० की ७०-३०० मिमी?

प्रश्न: एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, सोबत १८-५५ किट लेन्स. पक्षी टिपायचे आहेत. कोणती घ्यावी?

उत्तर १: ७०-३००. पक्ष्यांना ३०० मिमीही तोकडीच पडते. ५५ ते ७० मधली फट जाणवत नाही. स्टॅबिलायझेशन (थरथर सावरणारी सोय) आहे ना, हे नीट बघा. काही लेन्सच्या दोन आवृत्त्या असतात, स्वस्त आवृत्तीत ते नसतं.

उत्तर २: स्टॅबिलायझेशन फक्त हाताची थरथर सावरतं, पक्ष्याची हालचाल नाही. उडत्या पक्ष्याला शटर १/१६०० सेकंद ठेवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. ३०० ला अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) बहुधा एफ/५.६ किंवा ६.३ इतकंच उघडतं, म्हणून सांजवेळी आयएसओ ३२०० वर जाईलच. जाऊ द्या! नॉइज (फोटोतले दाणे) कमी करता येतो, हललेला फोटो वाचत नाही.

उत्तर ३: जुनी लेन्स घेताय? बॉडीत फोकस मोटर नसेल तर स्क्रू-ड्राइव्ह (स्वतःची मोटर नसलेल्या, बॉडीतल्या मोटरवर फोकस होणाऱ्या) लेन्सवर ऑटोफोकस चालणार नाही.