उत्तर: मेमोरियल डेची सहल पुढं ढकलायची का?

वहिनींचा निरोप

मंडळी, सोमवारच्या सहलीची यादी पाहिली. पण मेमोरियल डे म्हणजे अमेरिकेत युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. आमच्या शेजारच्या आजींचा मुलगा इराकच्या युद्धात मारला गेला. त्यांच्या अंगणात झेंडा अर्ध्यावर असताना आपण समोरच तर्री-पोह्यांची पातेली गाडीत चढवायची, हे बरं वाटत नाही.

नागपूरहून

वहिनी, सध्या आईकडे आहे, कूलरसमोर बसून लिहितोय. पारा ४५ वर गेलाय, तेव्हा काही तिखट लागलं तर सांभाळून घ्या.

सहल ढकलू नका. या दिवसाला जेवणाचं वावडं कधीच नव्हतं. अमेरिकेचं यादवी युद्ध संपताना दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहरात, घोडदौडीच्या मैदानात कैदेत मेलेले उत्तरेकडचे किमान २५७ सैनिक खड्ड्यात नुसते लोटलेले होते. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांनी त्यांना वर काढून रीतसर पुरलं, कुंपण घातलं आणि १ मे १८६५ ला फुलं घेऊन मिरवणूक काढली. मग तिथंच बसून जेवले! १८६८ मध्ये उत्तरेच्या माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल लोगन यांनी ३० मे ठरवला, तेव्हा नाव होतं 'डेकोरेशन डे'. मे महिन्याचा शेवटचा सोमवार १९७१ पासूनचा. या दिवशी दुकानांत लागणारे गाद्यांचे सेल त्याच्या मागून आले.

आपणही श्राद्धाला वडे-खीर करतोच की. आणि पंचांग उघडून पाहा: भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्रानं मेलेल्यांच्या श्राद्धाची तिथी. आईनं दाखवेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

१ मेला इथला, लष्कराच्या ताब्यातला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात, म्हणून बाबांना घेऊन गेलो. १८१७ च्या भोसले-इंग्रज लढाईत पडलेल्या इंग्रज सैनिकांच्या कबरी आणि १८५७ मध्ये फाशी गेलेले नवाब कादर अली व त्यांच्या आठ साथीदारांची मजार, सगळं एकाच तटाच्या आत. बाबांनी दोन्हीकडे चपला काढल्या. फरशी अशी तापलेली! "इंग्रजांपुढंही?" विचारलं, तर म्हणाले, "पाय भाजतायत, चल लवकर."

मेमोरियल डेला झेंडा दुपारी बाराला पूर्ण वर चढवतात. ३ वाजता देशभर एक मिनिट स्तब्धता असते, तेवढं पाळू. आणि सचिवसाहेब, सहलीच्या निरोपात 'हॅपी मेमोरियल डे' लिहिलंय, त्यातलं ते 'हॅपी' काढा राजेहो.

वहिनी

भाऊजी, आजींना विचारलं. त्याच म्हणाल्या, मी येते. मुलाचा फोटो आणणार आहेत. तिखट सोसत नाही त्यांना, तर एक डबा बिनतर्रीचा ठेवा.