मदत हवी आहे: ट्रीमॅपमधील फ्लोअरएंट्री ३.५० फॅटला ३.४ चा दर का देते?

धागाकर्ता: सायंसंकलन

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातील दूध संस्थेसाठी मी जावामध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला असून गेल्या काही महिन्यांपासून सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या पावत्या त्यावरच निघतात. त्यात मला एक दोष सापडला आहे, पण तो कोठून येतो हे कळत नाही. संगणक संस्थेत आहे आणि मी हे मोबाइलवरून लिहीत आहे, त्यामुळे कोड शब्दांत सांगतो, चालवून घ्यावे.

गायीच्या दुधाचे दरपत्रक पायऱ्यांचे असते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅटखेरीज दुधातील घन घटक) हा पाया धरला जातो आणि त्याच्या खाली-वर फॅटच्या दर पॉइंटमागे, म्हणजे ०.१ मागे, ठरावीक पैसे कमी किंवा जास्त होतात. आमच्या सध्याच्या पत्रकात ही रक्कम लिटरला ३० पैसे आहे. एसएनएफची वजावट मी वेगळ्या पद्धतीत (मेथडमध्ये) करतो आणि ती तपासून पाहिली आहे, म्हणून तिचा विचार येथे करू नये.

‘दरपत्रक’ नावाच्या क्लासमध्ये मी एक ट्रीमॅप (की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या कीच्या क्रमाने ठेवणारी रचना) ठेवला आहे. त्याची की म्हणजे फॅट, प्रकार डबल (दशांश संख्यांसाठीचा जावातील प्रकार). व्हॅल्यू म्हणजे दर, पैशांत, पूर्णांक. कन्स्ट्रक्टरमध्ये फॅट ३.० पासून सुरू करून, प्रत्येक फेरीत ०.१ मिळवत, ५.० पर्यंत २१ पायऱ्या भरतो. तपासणी यंत्र फॅट दोन दशांश स्थळांपर्यंत देते, उदाहरणार्थ ३.५७, आणि दर मात्र खालच्या पायरीचा द्यायचा असतो, म्हणून नेमकी तीच की शोधणारे गेट न वापरता फ्लोअरएंट्री वापरली आहे. दिलेल्या कीइतकी किंवा तिच्याहून लहान असलेल्या कीपैकी सर्वांत मोठी की ती शोधून देते, अशी माझी समजूत आहे.

दोष उघडकीस आला तो दोन जावा-जावांच्या पावत्यांमुळे (प्रोग्रॅमिंगच्या धाग्यावर हा शब्द आला, त्याला माझा इलाज नाही). एकीच्या म्हशी-गायी वेगळ्या, दुसरीच्या वेगळ्या, पण त्या दिवशी दोघींनी गायीचे दूध एकापाठोपाठ घातले. एकीचे फॅट ३.५० आणि दुसरीचे ३.५१ लागले, एसएनएफ सारखेच होते. दोघींना ३.५ च्या पायरीचा दर मिळायला हवा होता, पण ३.५० वालीला लिटरमागे ३० पैसे कमी लागले. तिचे दूध आठ लिटर होते, म्हणजे एका पाळीला दोन रुपये चाळीस पैसे. रक्कम किरकोळ दिसते, पण दूध घालणारा माणूस पावतीवरील पैसा न् पैसा वाचतो आणि तिने तो वाचला.

मी हाताने आकडे घालून पाहिले. ३.१० आणि ३.२० ला दर बरोबर येतो, ३.३० ला ३.२ चा येतो, ३.५० ला ३.४ चा येतो, पण ४.५० ला पुन्हा बरोबर येतो. कधी चुकते आणि कधी चुकत नाही, यामुळे मी अधिकच गोंधळलो आहे. ट्रीमॅपच्या क्रम लावण्यातच काही गडबड होत असेल का?

जोडीला दुसरा प्रश्न. महिन्याच्या सभेत जास्त फॅटच्या दुधाची उतरत्या क्रमाने यादी लावायची असते. त्यासाठी दुसऱ्या ट्रीमॅपमध्ये की म्हणून ‘सभासद’ हा ऑब्जेक्ट आणि व्हॅल्यू म्हणून लिटर ठेवले, आणि फॅटची तुलना करणारा कम्पॅरेटर दिला. यादी क्रमाने येते, परंतु काही सभासद त्यात दिसतच नाहीत. सभासद क्लासमध्ये ईक्वल्स (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते सांगणारी) आणि हॅशकोड (ऑब्जेक्टवरून शोधासाठी एक आकडा काढणारी) या दोन्ही पद्धती सभासद क्रमांकावरून लिहिल्या आहेत, त्यामुळे दोन सभासद एक समजले जाण्याचे कारण मला दिसत नाही.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद, रात्रपाळी:

निदान करण्यापूर्वी एक काम करावे. दरपत्रक भरून झाले की कीसेट (मॅपमधील सर्व की) जसाच्या तसा छापावा, दशांश स्थळे न कापता. फ्लोअरएंट्रीबद्दलची आपली समजूत अचूक आहे. संशय घ्यायचा तर तो मॅपवर नव्हे, मॅपमध्ये आपण काय भरले त्यावर घ्यावा.

धागाकर्ता: सायंसंकलन

आज संध्याकाळचे संकलन आटोपल्यावर छापून पाहिले. पहिल्या तीन की ३.०, ३.१ आणि ३.२ अशा स्वच्छ आहेत. चौथी की ३.३००००००००००००००३ आहे! पाचवी ३.४००००००००००००००४ आणि सहावी ३.५००००००००००००००४. ४.१ पर्यंत असेच शेपूट आहे, ४.२ आणि ४.३ पुन्हा स्वच्छ, आणि ४.४ च्या जागी ४.३९९९९९९९९९९९९९९५. आता काय झाले ते अंधुक दिसू लागले आहे, पण नीट समजावून सांगितल्यास बरे होईल.

प्रतिसाद, रात्रपाळी:

०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहिताना तीनावर तीन लिहीत राहावे लागते, तसाच हा प्रकार आहे. डबलमध्ये ०.१ म्हणून जे साठवले जाते ते खऱ्या ०.१ हून किंचित जास्त असते. आपण प्रत्येक फेरीत तेच मिळवत गेलात, आणि प्रत्येक बेरीज जवळच्या मांडता येण्याजोग्या संख्येवर बसवली जाते, म्हणून चूक साचत गेली. ४ च्या खाली ती वरच्या बाजूला साचली. ४ च्या पुढे डबलमधील दोन शेजारच्या संख्यांमधील अंतर दुप्पट होते, त्यामुळे बसवण्याची दिशा बदलली आणि तीच चूक हळूहळू भरून निघून दुसऱ्या बाजूला गेली.

आता हे आपल्या पावतीला लावून पाहा. यंत्राकडून आलेले ३.५० हे वाचताना अगदी नेमके ३.५ होते. मॅपमधील सहावी पायरी त्याहून केसभर मोठी आहे. फ्लोअरएंट्रीला ‘इतकी किंवा लहान’ की हवी असल्यामुळे तिने सहावी पायरी प्रामाणिकपणे नाकारली आणि पाचवी दिली. ३.५१ मात्र त्या शेपटासकट सहाव्या पायरीच्या वर आहे, म्हणून दुसऱ्या बाईंना बरोबर दर मिळाला. ४.४ पासून पुढच्या की किंचित लहान आहेत, म्हणून तेथे नेमका आकडाही बरोबर पायरीवर बसतो. थोडक्यात, ३.३० ते ४.१० या पट्ट्यात फॅट नेमके पायरीवर आले तरच चूक होते, आणि गायीचे बहुतेक दूध याच पट्ट्यात येते.

याहून महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती अशी. आपण गेट वापरले असते तर ३.५ ही की सापडली नसती, नल (म्हणजे काहीच नाही) मिळाले असते आणि प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी कोसळला असता. फ्लोअरएंट्री कोसळत नाही; ती शेजारचे उत्तर देऊन मोकळी होते. जवळची की शोधणारी पद्धत वापरताना की चुकीची असल्याचे कोणीच ओरडून सांगत नाही.

उपाय सोपा आहे. की डबल ठेवू नये. फॅट शतांशात पूर्णांक म्हणून ठेवावे: ३.५० म्हणजे ३५०. फेरी ३०० पासून ५०० पर्यंत, दहा-दहाने. यंत्राचा आकडा अक्षरांच्या रूपात येतो, त्याचे डबल न करता बिगडेसिमल (दशांश संख्या नेमकी ठेवणारा प्रकार) करावे, बिंदू दोन घरे उजवीकडे सरकवावा आणि इंटव्हॅल्यूएक्झॅक्टने पूर्णांक घ्यावा. यंत्राने कधी शून्य नसलेले तिसरे दशांश स्थळ पाठवले तर ती पद्धत अपवाद फेकेल (त्रुटी देऊन थांबेल), आणि ते आपल्याला हवेच आहे.

प्रतिसाद, अर्धविराम:

वरील उत्तराशी सहमत. फक्त एक सावधगिरी: की म्हणून थेट बिगडेसिमल ठेवण्याचा मोह होईल, आणि ट्रीमॅपमध्ये ते चालेलही, कारण क्रम ठरवणाऱ्या कम्पेअरटूच्या दृष्टीने ३.५ आणि ३.५० समान आहेत. परंतु ईक्वल्सच्या दृष्टीने ते समान नाहीत. उद्या कोणी ट्रीमॅपच्या जागी हॅशमॅप (ईक्वल्स आणि हॅशकोडवरून की ओळखणारा मॅप) घातला तर त्याच दोन संख्या दोन वेगळ्या की होतील. म्हणून पूर्णांकच बरा.

आणि हेच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ट्रीमॅप ईक्वल्सला विचारत नाही, हॅशकोडला तर मुळीच नाही. कम्पॅरेटरने शून्य दिले (म्हणजे तुलनेत दोन्ही समान ठरले) की त्याच्या लेखी त्या दोन की एकच. आपला कम्पॅरेटर फक्त फॅट पाहतो, म्हणजे ३.८० फॅटचे दोन सभासद त्याच्यासाठी एकच सभासद. आपण कम्पॅरेटर क्रमासाठी दिला, पण मॅपने तो ओळख पटवण्यासाठीही वापरला.

यात आणखी एक खोच आहे. दुसरा सभासद घालताना पुट ही पद्धत व्हॅल्यू बदलते, पण आधीची की तशीच ठेवते. म्हणजे यादीत नाव पहिल्याचे आणि लिटर दुसऱ्याचे! जे सभासद यादीत दिसतात त्यांचे आकडेही एकदा तपासावेत.

कम्पॅरेटर असा करावा: आधी फॅट उतरत्या क्रमाने, आणि फॅट सारखे असल्यास देनकम्पेअरिंगने सभासद क्रमांक. रिव्हर्स्ड हा शब्द फॅटच्या तुलनेला लगेच जोडावा. अगदी शेवटी जोडल्यास सभासद क्रमांकही उलटे लागतील.

प्रतिसाद, निवृत्त मास्तर:

मी थोडे वेगळे मत मांडतो. सभेतील यादीसाठी मॅप हवाच कशाला? सर्व सभासद लिस्टमध्ये घ्यावेत आणि ती एकदा सॉर्ट करावी. सॉर्ट करताना तुलना शून्य आली तरी कोणी गळत नाही, दोघे शेजारी-शेजारी बसतात. शिवाय फॅट हा बदलणारा गुण आहे. सभासद मॅपमध्ये असताना त्याचे फॅट फेरतपासणीनंतर दुरुस्त केले, तर तो झाडात जुन्याच जागी राहतो आणि शोध मात्र नव्या जागी होतो. मग असलेला माणूस सापडत नाही. बदलणाऱ्या गोष्टीवर क्रम लावलेली की ठेवू नये, हे मी वर्गात फळ्यावर चौकटीत लिहीत असे.

२१ पायऱ्यांच्या दरपत्रकालाही खरे तर ट्रीमॅपची गरज नाही. फॅट शतांशात आले की त्यातून ३०० वजा करून दहाने भागावे, पूर्णांक भागाकार हाच अ‍ॅरेतील क्रमांक. ट्रीमॅप आतून लाल-काळे झाड (स्वतःचा समतोल राखणारी शोधरचना) असते, शोध, भर आणि वगळणे ही कामे लॉग एन वेळात (नोंदी खूप वाढल्या तरी वेळ थोडाच वाढतो) होण्याची हमी तो देतो. पण एकवीस खणांच्या कपाटाला एवढा थाट लागत नाही.

प्रतिसाद, अर्धविराम:

मास्तर, यादीबाबत आपले म्हणणे मान्य, तेथे लिस्टच योग्य. दरपत्रकाबाबत मात्र नाही. उद्या पत्रकात ३.५ च्या खाली पॉइंटमागे एक रक्कम आणि ३.० च्या खाली थेट एकच सपाट दर, अशा असमान पायऱ्या आल्या की भागाकाराचे गणित मोडते. मॅपमध्ये एक की वाढवली की काम झाले. वेग हा येथे मुद्दाच नाही.

धागाकर्त्यांना दोन टोके मात्र सांभाळावी लागतील. फॅट २.९० आले तर खाली पायरीच नाही, फ्लोअरएंट्री नल देईल. आणि चुकून म्हशीचे ६.५० फॅटचे दूध गायीच्या पत्रकात गेले, तर ती शांतपणे ५.० चा दर देईल. वरच्या टोकाची तपासणी आपणच लिहावी. फ्लोअरएंट्री देणारा नॅव्हिगेबलमॅप जावा ६ मध्ये आला, त्यापूर्वी हेडमॅप (दिलेल्या कीच्या खालचा भाग) काढून त्याची लास्टकी (शेवटची की) घेत असू. तेव्हा निदान रिकाम्या हेडमॅपवर अपवाद तरी येत असे.

धागाकर्ता: सायंसंकलन

सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

दरपत्रकाची की आता शतांशातील पूर्णांक आहे. ३.०० ते ५.०० मधील प्रत्येक शतांशासाठी, म्हणजे २०१ आकड्यांसाठी, जुना आणि नवा दर शेजारी-शेजारी छापला. फरक नेमक्या नऊ आकड्यांना आला: ३.३० पासून ४.१० पर्यंतच्या नऊ पायऱ्या. रात्रपाळी यांनी सांगितले त्याप्रमाणेच. फॅट दोन्ही टोकांच्या बाहेर गेले की आता पावती निघत नाही, पडद्यावर सूचना येते. सभेच्या यादीसाठी मास्तरांचा सल्ला मानून लिस्ट सॉर्ट केली. जुन्या यादीत दोन ठिकाणी खरोखरच एकाच्या नावापुढे दुसऱ्याचे लिटर होते.

दर बदलला की नवे पत्रक कोणत्या तारखेपासून लागू, हे ठेवण्यासाठी तारीख ही की असलेला आणखी एक ट्रीमॅप जोडला आहे आणि पावतीच्या तारखेची फ्लोअरएंट्री घेऊन त्या दिवशीचे पत्रक काढतो. तारखेसाठीच्या लोकलडेट या प्रकारात शेपटाचा प्रश्न नाही. ते करताना जाता जाता दहा दिवसांच्या बिलाचा कोडही पाहिला. तेथे सबमॅपला (दोन कींमधील भाग काढणाऱ्या पद्धतीला) मी एक आणि दहा तारीख देत होतो, आणि दोनच मर्यादा दिल्या तर वरची मर्यादा त्यात धरली जात नाही. सुदैवाने दहा तारखेचे दूध पुढच्या बिलातही येत नव्हते, हे लक्षात येऊन गेल्याच महिन्यात मी शेवटची तारीख एकाने वाढवली होती, पण कारण न कळताच. आता दोन्ही बाजूंना ट्रू देऊन दोन्ही तारखा धरल्या आहेत.

जुन्या पावत्यांमधून नेमक्या त्या नऊ आकड्यांच्या पावत्या निवडून सभासदनिहाय फरक काढला आणि यादी सचिवांकडे दिली आहे. फरकाची रक्कम येत्या बिलात स्वतंत्र ओळीत दाखवायची ठरले आहे. पहिली पावती घेऊन आलेल्या बाईंना ते सांगितले, तेव्हा त्यांनी फक्त इतकेच विचारले की त्यांच्या जावेलाही काही मिळणार का. तिच्या पावत्यांमध्ये ३.६० दोनदा आले होते, म्हणून मिळणार आहे.