अनुभव धागा : चित्र काढायची तुमची पद्धत कशी बसत गेली?

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली तेव्हा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असा विषय आयता मिळायचा, वेळही ठरलेली. नंतर घरी कोरा कागद घेऊन बसलं की ना विषय ना घंटा. तर तुम्ही बसल्यावर नक्की काय करता ते लिहा. प्रेरणा वगैरे राहू दे, टेबलावर काय होतं ते सांगा.

ओला कागद
जलरंग. माहेर रत्नागिरी, आता नागपूर. रत्नागिरीला पावसाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, मारला की जेवून आलं तरी ओलाच, त्यामुळे ओल्यात ओला रंग सोडायचा आणि तो पसरेल तसं बघायचं हीच सवय. नागपुरात मे महिन्यात वॉश खाली आणेपर्यंत वरचा सुकून कडक रेघ पडलेली! म्हणून आता कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अ‍ॅक्रिलिक शीटवर बसवते, खालून ओल टिकते. पण हे ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाडजूड, कॉटन कागदावरच, साध्या कार्ट्रिज ड्रॉइंग पेपरचा लगदा होतो. आणि त्याआधी पोस्टकार्डाएवढं पेन्सिल स्केच, टोन म्हणजे उजेड-अंधाराच्या छटा तीनच. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद, एकदा गेला की गेला, तेव्हा उजेड कुठे ठेवायचा ते तिथेच ठरवते. खरं चित्र त्या चिटोऱ्यावरच होतं असं माझं मत, पुढे नुसतं धाडस.

रात्रपाळी
लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, शाई लावून छापायचं चित्र. जेवणं झाली, ओटा आवरला की तो माझा, बायको म्हणते मिसळणाच्या डब्यालाही शाईचा वास येतो. प्रेस नाहीये, कागदाच्या पाठीवरून स्टीलचा चमचा घासून छाप काढतो. थंडीत लिनो कडक होतो न हत्यार घसरतं, मग आधी गॅलरीत उन्हात ठेवायचा. मी रिडक्शन करतो म्हणजे एकच ठोकळा, आधी फिका रंग छापायचा, मग त्याच ठोकळ्यात अजून कोरायचं आणि त्याच कागदांवर पुढचा गडद रंग, असं करत करत शेवटी ठोकळ्यावर फारसं काही उरतच नाही. त्यामुळे किती प्रती हव्यात ते पहिल्या रंगालाच ठरवावं लागतं, परत मागे जाता येत नाही, आणि दरवेळी काही वाकड्या बसणारच म्हणून कागद जास्तीचे घ्यायचे. तेलाची शाई वाळायला दिवस लागतात ते बरंच आहे, पुढे काय कोरायचं ते लोकलमध्ये सुचतं.

चौथा थर
रात्रपाळीदादा, वाळायची वाट बघण्यावरून आठवलं, आमच्या ग्रुपात कुणी काम टाळलं की लगेच चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं नाव पुढे करतात, ते पण मोजकीच चित्रं करायचे म्हणून. अहो पण ते रोलर न पॅलेट नाइफ घेऊन थर चढवायचे, परत काढायचे, कमी चित्रं म्हणजे कमी काम नव्हे! मी अ‍ॅक्रिलिकवाली, ते झटक्यात वाळतं म्हणजे थांबायला कारणच नाही, म्हणून मुद्दाम कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवते आणि भाजी आणायला जाते. आल्यावर आधी मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करायचा. सगळं एकसारखं राखाडी दिसलं तर टोन फसलेत, मग लाल कितीही भारी लागलेला असो.

मीटिंगवाला
पद्धत बिद्धत नाही. मीटिंगमध्ये वहीच्या कडेला येतं तेवढंच. फोटो काढून मोठं करतो, झालं.

गेरू
माझं सासर डहाणूकडचं. तिथे वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक काढतात, आत पालघट देवी. तो चौक मी काढत नाही, तो त्यांचा विधी आहे. पण गेरूवर तांदळाच्या पिठाने, टोकाला चेचलेल्या बांबूच्या काडीने काम करायला तिथेच शिकले. पेन्सिल नाही. पीठ ओलं असताना रेघ फिकी दिसते, पांढरी उठते ती वाळल्यावर, मग दाट वाटत नाही म्हणून परत गिरवायचा मोह होतो. तो आवरायला मी कडेची नक्षी आधी काढते, ती वाळेपर्यंत पीठ किती घट्ट हवं ते कळतं, मग आतली माणसं.